पोळ्यासकट मध रोजच्या खाण्यात : साठवण आणि खाण्याच्या रीतीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. माझे मामेसासरे जावळी तालुक्यात सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी यंत्रातून काढलेला जांभळाचा मध बाटल्यांत भरून पाठवतात. या वर्षी माझ्या हट्टाखातर त्यांनी मधकोठीतल्या, म्हणजे पेटीच्या मध साठवायच्या कप्प्यातल्या, चार चौकटींवरचे पोळे तसेच कापून स्टीलच्या दोन डब्यांत भरून दिले. यंत्रात फिरवलेले पोळे माश्यांना परत देता येते, कापलेले मात्र त्यांना नव्याने मेण काढून बांधावे लागते, हे त्यांनी डबे हातात देतानाच सुनावले होते. त्यामुळे यातला एक तुकडाही वाया जाऊ नये, असे मनापासून वाटते.

सुरुवातीचे पंधरा दिवस फार सुखात गेले. सकाळी नाचणीच्या भाकरीबरोबर अंगठ्याएवढा तुकडा, कधी घावनाबरोबर, कधी घट्ट दह्यात, असे आम्ही खात होतो. बाटलीतला आणि हा मध एकाच पेटीतला असला तरी चवीत फरक जाणवतो. जांभळाच्या मधाचा तो किंचित तुरट, कडसर शेवट पोळ्यातून खाताना अधिक स्पष्ट लागतो, आणि दाताखाली घरे फुटताना जो वास येतो तो बाटलीतल्या मधाला कधीच आला नाही.

आता अडचणी. पहिल्या डब्यातल्या पोळ्यावर पांढरी झाकणे होती. तो मध जसाच्या तसा आहे, फक्त तळाशी रवा धरू लागला आहे. दुसऱ्या डब्यातली निम्मी घरे उघडी होती, आणि आषाढाच्या पावसात त्या मधावर बारीक फेस दिसू लागला असून थोडा आंबूस वास येतो. त्याच डब्यात काही घरांत पिवळा-नारिंगी भुगा दाबून भरलेला आहे आणि त्याची चव कडवट लागते. दोन्ही डबे स्वयंपाकघरातल्या फळीवरच ठेवले होते. फेस आलेला मध खाण्याजोगा आहे का, आणि उरलेले पोळे गणपतीपर्यंत टिकवायचे असेल तर ते कसे ठेवावे?

दुसरा प्रश्न मेणाचा. मी ते चघळून टाकून देते, यजमान सरळ गिळतात. एकदा तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर तुकडा ठेवला, तर मेण वितळून भाकरीत मुरले आणि गार झाल्यावर टाळूला असे चिकटले की मेणबत्ती खाल्ल्यासारखे वाटले. सासूबाईंचे म्हणणे की मध गरम पदार्थावर घालूच नये. ते कितपत पाळावे?

शेवटचे, घरातल्यांविषयी. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि 'नैसर्गिक आहे, चालतो' असे म्हणून ते रोज दोन चमचे घेतात. जाऊबाईंचा मुलगा आठ महिन्यांचा आहे आणि त्याला मध चाटवण्याचा आग्रह घरात सतत होतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे थांबायला वेळ नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटवायलाही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी राहतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. मध घरच्या पेटीतला आहे, शुद्ध आहे, याने या धोक्यात काही फरक पडत नाही. जातकर्मात मध चाटवण्याची रीत जुनी आहे हे मान्य, तरीही बाळासाठी ती बाजूला ठेवावी.

सासऱ्यांबद्दल : मधात वजनाच्या सुमारे ८० टक्के साखरच असते. चहाच्या एका चमच्यात साधारण ७ ग्रॅम मध मावतो, म्हणजे दोन चमच्यांत ११-१२ ग्रॅम साखर पोटात जाते. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि दिवसभराच्या साखरेत मोजून.

प्रतिसाद २

मी स्वतः काही वर्षे सातेरी पाळल्या आहेत. माश्या मध पुरेसा आटला की घरावर मेणाचे झाकण घालतात. उघड्या घरातला मध कच्चा, पातळ असतो. सातेरीच्या मधात पाण्याचा अंश मुळातच थोडा अधिक, त्यात मध हवेतला ओलावा शोषून घेतो आणि आपण राहता चिपळूणला! पाणी २० टक्क्यांच्या वर गेले की मधातले यीस्ट कामाला लागते आणि तो आंबतो. फेस आलेला भाग वेगळा काढा. तो ताजा म्हणून खाऊ नये, आणि चांगल्या पोळ्याला तर अजिबात लागू देऊ नये. तो माश्यांपुढेही ठेवू नका.

झाकणबंद तुकडे लहान, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. दोन दिवसांच्या गारठ्यात मेणकिड्याची अंडी असली तर तीही मरतात. तिथे मध रवाळत नाही. तो सर्वांत लवकर रवाळतो १४ अंशांच्या आसपास, म्हणून फ्रीजच्या दारातला कप्पा नको. बाहेर काढल्यावर डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पोळ्यावर दव धरते. रवा धरणे हा दोष नाही. रवाळ पोळे तसेच खावे.

तो पिवळा-नारिंगी भुगा म्हणजे परागकण. खाण्यास हरकत नाही, पण परागाची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावे. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे भाकरी हाताला सोसेल इतकी निवू द्या. सासूबाईंचेही खरे आहे : आयुर्वेदात मध तापवणे वर्ज्य मानले आहे, आणि उष्णतेने त्यातली विकरे (एन्झाइम) व सुगंध कमी होतात हे प्रयोगशाळेतही दिसते. मेण पचत नाही; थोडे गिळले तर तसेच बाहेर पडते, पण रोजच्या खाण्यात ते चघळून टाकणेच बरे.

प्रतिसाद ३

आमच्याकडे कुंपणावरच्या फुलोरीचे, म्हणजे लहान रानमाश्यांचे, पोळे मिळाले की मधाने फुगलेला वरचा कांदा तेवढा कापून घेत असत आणि पिलाव्याचा (अंडी-अळ्यांचा) भाग फांदीवर तसाच ठेवत. तो मध उसासारखा चघळून चोथा थुंकायचा, हीच रीत. आग्यामोहोळाचा पिळून काढलेला मध मात्र विकत घेताना जपून घ्या. त्यात पिलाव्याचा रस उतरलेला असला तर तो लवकर आंबतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिला प्रतिसाद जाऊबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला आणि बाळाचा विषय घरात मिटला. सासरे अजून रुसलेले आहेत. झाकणबंद पोळ्याचे अकरा तुकडे फ्रीझरमध्ये गेले. एक शंका उरली : चघळून उरलेले मेण मी वाटीत साठवत आहे. ते धुऊन, वितळवून मामेसासऱ्यांना पेटीसाठी परत देता येईल का, की तोंडात गेलेले मेण माश्यांकडे जाऊ देऊ नये?