निरोपाच्या कार्डावर इंग्रजीत काय लिहावं?

ऐरोलीकर:
आमच्या ऐरोलीच्या ऑफिसातल्या टीम लीड मॅडम शुक्रवारी नोकरी सोडून बेंगळुरूला चालल्यात. टीममध्ये तमिळ, बंगाली सगळेच, म्हणून कार्ड इंग्रजीत. मसुदा: 'डिअर मॅडम, यू वेअर अ व्हेरी गुड लीडर. वी विल बी मिसिंग यू. विश यू ऑल द बेस्ट फॉर युवर फ्युचर एंडेव्हर्स.' एचआरच्या पत्रासारखं वाटतंय. काय बदलू?

खाडीपलीकडे:
'यू वेअर' आधी काढा, श्रद्धांजलीचा सूर लागतो. बाई चांगल्या धडधाकट आहेत! 'यू'व्ह बीन अ ग्रेट लीड' लिहा. 'व्हेरी गुड' हा प्रगतिपुस्तकातला शेरा. त्यापेक्षा त्यांनी नेमकं काय केलं ते एका वाक्यात येऊ द्या. 'थँक यू फॉर'नंतर क्रियापदाला 'इंग' लागतं: 'फॉर बॅकिंग अस अप'. 'थँक यू टू हेल्प अस' असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं, ते चूक.

'फ्युचर एंडेव्हर्स' नकार कळवणाऱ्या पत्रांत इतकं घासलंय की त्यात मायाच उरली नाही. 'गुड लक' पुरे. नोकरीला 'विथ', गावाला 'इन': 'गुड लक विथ द न्यू जॉब', 'गुड लक इन बेंगळुरू'.

सीवूड्सवाला:
'वी विल बी मिसिंग यू' चूक नाही, पण साधं 'वी'ल मिस यू' जास्त सहज. 'वी'ल मिस हॅविंग यू अराउंड' त्याहून आपुलकीचं. 'डिअर मॅडम' बँकेच्या अर्जात शोभतं. रोज ज्या नावाने हाक मारता तेच लिहा. केकवर 'हॅपी फेअरवेल' नको, जाताय याचाच आनंद झाल्यासारखं दिसतं. 'गुड लक' आणि नाव, अर्ध्या किलोवर एवढंच नीट मावतं.

ऐरोलीकर:
दुकानात 'सॉरी यू आर लीव्हिंग' छापलेलं कार्ड आहे. आणि 'काँग्रॅच्युलेशन्स' घालू का?

खाडीपलीकडे:
ते कार्ड घ्या, ब्रिटनमध्ये ती नेहमीचीच पद्धत. यात 'सॉरी' म्हणजे माफी नव्हे, वाईट वाटतंय. 'काँग्रॅच्युलेशन्स' त्या स्वतःहून चांगल्या जागी चालल्या असतील तरच, आणि पुढे 'ऑन', 'फॉर' नाही. कपातीत गेलेल्या माणसाला ते चुकूनही लिहू नये.

ऐरोलीकर:
मग असं: 'यू'व्ह बीन अ ग्रेट लीड. थँक यू फॉर बॅकिंग अस अप इन एव्हरी एस्कलेशन. वी'ल मिस हॅविंग यू अराउंड. गुड लक इन बेंगळुरू!'

सीवूड्सवाला:
'इन'च्या जागी 'थ्रू' करा, बाकी झकास. मजकूर मध्येच ठेवा. कडेला सह्यांसाठी जागा लागेल.