मदत हवी आहे: अमेरिकेतल्या भागीदाराला पूर्ण देशाचा हक्क लिहून द्यावा का? (इंदूर, फराळ-नमकीन)

नमस्कार मंडळी,

इंदूरला सांवेर रोडवर आमचा फराळ आणि नमकीनचा छोटा कारखाना आहे. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर चकली-चिवड्याने सुरुवात केली, आज अकरा बायका कामाला आहेत. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आणि एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना) दोन्ही आहे. गेल्या तीन दिवाळ्या मुंबईच्या एका मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (दुसऱ्यांचा माल घेऊन परदेशी पाठवणारा व्यापारी) आमचा माल न्यू जर्सीला जातो. माझी नणंद तिकडे असते. तिने महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत आमची शेव-चिवडा ठेवला आणि तिथल्याच एका मराठी दुकानदारांनी ऑर्डर दिली. पहिल्या वर्षी ८० किलो, गेल्या वर्षी ६०० किलो.

आता ते म्हणतात, मधला माणूस कशाला, थेट मलाच पाठवा. अटी अशा: पाच वर्षं अख्ख्या अमेरिकेत फक्त तेच विकणार. आमचा ट्रेडमार्क तिकडे ते स्वतःच्या नावाने नोंदवणार, म्हणजे आमचा खर्च वाचेल. पैसे माल पोचल्यावर ९० दिवसांनी. एफडीएकडे (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) कारखाना नोंदवताना अमेरिकेतला एजंट दाखवावा लागतो, तेही तेच होणार.

माणूस चांगला आहे, तीन वर्षांत एक पैसा अडकवला नाही. ह्यांचं म्हणणं, आपलाच माणूस आहे, फार ताणलं तर तुटेल. पण पाकिटावर सासूबाईंचं नाव आहे. ते दुसऱ्याच्या नावे लिहून द्यायला माझा हात धजत नाही. शिवाय जहाजाचा महिना-सव्वा महिना धरला तर बेसन, तेल, पगार, सगळं चार महिन्यांच्या वर आमच्याच खिशातून.

संबंध न बिघडवता काय द्यावं, काय राखावं? असा करार केलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १ (वडोदरा)
ताई, नावाच्या बाबतीत अजिबात हो म्हणू नका. ट्रेडमार्क देशापुरता असतो. तुमची भारतातली नोंदणी तिकडे चालत नाही, आणि उद्या तुम्ही दुकानदार बदललात तर तुमचाच माल तुमच्या नावाने विकता येणार नाही. भारत २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत (एका अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याची सोय) आहे. इथल्या अर्जाच्या आधारावर इथूनच अमेरिकेसाठी अर्ज करता येतो. खर्च होईल, पण करा.

हक्क द्या, पण न्यू जर्सी-न्यूयॉर्कपुरता, एक वर्षाचा, आणि वर्षाला किमान इतके किलो उचलायचे ही अट घालून. तेवढे उचलले नाहीत तर हक्क संपला. आम्ही हे लिहिलं नव्हतं. आमच्या वितरकाने दोन वर्षं माल घेतला नाही आणि दुसऱ्याला देऊही दिला नाही.

उधारीसाठी ईसीजीसीकडे (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) जा. ते खरेदीदाराची पत तपासतात, त्यातूनच बरंच कळतं. एजंट त्यांना होऊ द्या, पण एफडीएच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. नोंदणीला सरकारी फी नाही, आणि सम वर्षाच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण करावं लागतं.

प्रतिसाद २ (इंदूर)
ताई, आमचा पापड-मसाल्याचा धंदा आहे. मर्चंट एक्स्पोर्टर सोडण्याआधी भाड्याचा हिशोब करा. शेव-चिवड्याचं वजन कमी, जागा जास्त, कंटेनर वजनाआधी जागेनेच भरतो. आम्ही चौघे शेजारी मिळून एक कंटेनर भरतो: लोणचं, पापड, मसाले, नमकीन. जड माल आणि हलका माल एकत्र बसला की किलोमागचं भाडं खाली येतं. तुम्ही याल तर पाचवी जागा आहे.

लेबल मात्र नीट बघा. चिवड्यात शेंगदाणे, काजू, चकलीत तीळ. १ जानेवारी २०२३ पासून तीळही अमेरिकेत अॅलर्जीच्या यादीत आहे. एकाच कढईत सगळं तळत असाल तर तेही विचारतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी आधी तिळाचंच विचारलं. चकलीसाठी वेगळी कढई उद्यापासून. नावाच्या अर्जाचं वकिलांशी बोलले, आणि न्यू जर्सीच्या दुकानदारांना दोन राज्यं, एक वर्ष, ३० टक्के आगाऊ असं कळवतेय.

इंदूरच्या दादांना एक विचारायचं होतं: पाच जणांच्या कंटेनरमधल्या एकाचा माल तिकडे अडकला, तर बाकी चौघांचा सुटतो का? आणि त्या दिवसांचं भाडं तुम्ही आपसात कसं वाटता?