एडिनबरा: रात्रीची भुतांची टूर. ग्रेफ्रायर्स कबरस्तान की पुलाखालची तळघरं?

भटकभवानी
ऑक्टोबरच्या अखेरीस एडिनबरात तीन रात्री मुक्काम आहे. सोबत ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्या चालतात बऱ्यापैकी, पण खडा जिना उतरताना आधार लागतो. तिथली रात्रीची भुतांची टूर करायची आहे. नेटवर डझनभर दिसतात आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत "सर्वात भीतिदायक" हेच लिहिलेलं. कबरस्तान, साउथ ब्रिजखालची तळघरं आणि मेरी किंग्ज क्लोज यांतलं एकच करायचं तर कुठलं? किती वाजताचं तिकीट काढावं? आणि ते अंधारातून अंगावर धावून येणारे नट असतात म्हणे, तो प्रकार टाळता येतो का? भूत दिसलंच पाहिजे असा हट्ट नाही, इतिहास नीट कळला तरी पैसे वसूल.

कंदीलवाला
आधी वेळ, कारण बहुतेकांचं तिथेच फसतं. एडिनबरा जवळजवळ ५६ अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि नंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो, त्यामुळे उन्हाळ्यातली नऊची "नाइट टूर" चक्क दिवसाउजेडी होते. लोक मग परीक्षणात "अजिबात भीती वाटली नाही" म्हणून एक चांदणी देतात. डिसेंबरात उलट, पावणेचारलाच दिवस संपतो.

तुमच्या तारखांत एक मेख आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधीच्या आठवड्यात सूर्यास्त साधारण पावणेसहाला, त्यानंतर एकदम पावणेपाचच्या आसपास. पुरता काळोख व्हायला वर पाऊण तास धरा. म्हणजे तो रविवार उलटल्यावर जात असाल तर संध्याकाळी सहाची टूरही काळोखात होईल. आधी जात असाल तर सात किंवा साडेसातची बघा. मुलगा बरोबर असताना याच्या पुढे जाऊ नका. एक तर नऊ-दहानंतरच्या काही टूर फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी असतात, आणि दुसरं म्हणजे उशिराच्या गटात पबमधून थेट आलेली मंडळी जास्त. गाईडचं अर्धं लक्ष त्यांना आवरण्यात जातं.

३१ ऑक्टोबर टाळता आला तर टाळाच. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, गट ठासून भरलेले असतात आणि रॉयल माइलवर, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर, हॅलोविनची गर्दी उसळलेली असते. मंगळवार-बुधवार सगळ्यात शांत.

तिकिटाचा अंदाज म्हणाल तर माणशी १५ ते २५ पौंड. "पे व्हॉट यू वॉन्ट"वाल्या टूर फुकट नसतात. शेवटी गाईड टोपी फिरवतो, तेव्हा माणशी १० पौंडांच्या आसपास देणं रास्त. त्याचं पोट त्यावरच असतं.

जुनापुराणा
तिन्ही जागांचा जीव वेगळा आहे, त्यामुळे "सर्वात चांगली कुठली" यापेक्षा तुमच्या तिघांच्या पायांना कुठली झेपेल ते बघा.

साउथ ब्रिज १७८५ ते १७८८ मध्ये बांधला. एकूण १९ कमानी, पण त्यातली एकच, खालच्या काउगेट रस्त्यावरची, आज उघडी दिसते. बाकीच्या दोन्ही अंगांच्या इमारतींनी झाकल्या. कमानींच्या पोटात मजले घालून जवळजवळ १२० खोल्या काढल्या. त्यांत आधी कारागीर आणि दुकानदारांची कोठारं होती, पण पूल वरून जलरोधक केलाच नव्हता. पाणी झिरपायला लागलं तसे धंदेवाले निघून गेले आणि ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता ते लोक राहायला आले. ना खिडकी, ना धुराडं. पाऊस पडून गेल्यावर आजही छत ठिबकतं. आत शिरायला जिना उतरावा लागतो, जमीन खडबडीत, दिवे जेमतेम. सासूबाईंना जमेल, पण सुख होणार नाही.

मेरी किंग्ज क्लोज रॉयल माइलवरच्या सिटी चेंबर्सच्या खाली आहे. क्लोज म्हणजे आपला बोळ. १७५३ मध्ये वरच्या इमारतीचं काम सुरू झालं तेव्हा बोळातल्या घरांचे वरचे मजले पाडले आणि खालच्यांचा पाया म्हणून वापर केला. उतार तीव्र, पायऱ्या पुष्कळ. पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, तुमचा मुलगा चालेल. पोशाखातले गाईड तासाभरात बाहेर काढतात. फोटोला बंदी आहे. जमिनीखालीच असल्यामुळे रात्रीचाच हट्ट धरायची गरज नाही, भर दुपारी गेलात तरी तेवढाच अंधार. एक थाप मात्र अजून चालते: १६४५ च्या प्लेगमध्ये रोग्यांना आत कोंडून वर भिंती बांधल्या, अशी. तसं घडलं नाही. रोगी घरात अलग ठेवले जात, त्यांना खाणंपिणं पोचवलं जाई, आणि अनेकांना गावाबाहेरच्या माळावर हलवलं गेलं. चांगला गाईड हे स्वतःहून सांगतो. भिंतींची गोष्ट रंगवून सांगणारा भेटला तर त्याच्या बाकीच्या गोष्टीही त्याच मापाने मोजा.

तिसरं ग्रेफ्रायर्स. तुमच्यासाठी हेच. मालकाच्या कबरीपाशी बसून राहिल्याचं सांगतात त्या बॉबी कुत्र्याच्या पुतळ्याजवळच्या वरच्या फाटकातून आत गेलं की जिना लागत नाही. कँडलमेकर रोच्या बाजूला मात्र चांगलाच उतार आहे. सेंट जाइल्स चर्चपासून जेमतेम अर्धा किलोमीटर. फक्त एक करा: काही टूर कबरस्तान आणि तळघरं जोडून देतात. तिकिटावर "व्हॉल्ट्स" (म्हणजे तळघरं) हा शब्द आहे का बघा, म्हणजे ऐनवेळी जिन्याशी गाठ पडणार नाही.

ग्रेफ्रायर्सचा_राखणदार
वरच्याशी सहमत. ग्रेफ्रायर्सबद्दल थोडं सविस्तर, कारण काळोखात गाईड भराभर बोलत जातो आणि तीन वेगळ्या गोष्टींची एकच खिचडी होते.

फ्रान्सिस्कन मठाची ही जमीन १५६२ मध्ये दफनासाठी दिली गेली. १६३८ मध्ये इथेच राष्ट्रीय करारनाम्यावर सह्या झाल्या: राजाने चर्चच्या कारभारात ढवळाढवळ करू नये म्हणून. हा करार मानणारे ते कव्हनंटर. १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत ते हरले आणि सुमारे १,२०० कैदी कबरस्तानालगतच्या उघड्या मैदानात महिनोन्महिने ठेवले गेले. उरलेल्यांपैकी अडीचशेच्या आसपास जणांना वसाहतींकडे नेणारं जहाज डिसेंबरात ऑर्कनीजवळ फुटलं आणि बहुतेक बुडाले. कव्हनंटरांवर खटले भरणारा सरकारी वकील सर जॉर्ज मॅकेंझी १६९१ मध्ये वारला आणि त्याच कबरस्तानात पुरला गेला, आपल्या कैद्यांपासून हाकेच्या अंतरावर. भुताची गोष्ट इथूनच उगवते.

आता घोळ कुठे होतो ते. मॅकेंझीची समाधी म्हणजे गोल, घुमटाची घुमटी. ती मुख्य आवारात आहे, दिवसा कोणीही बाहेरून बघू शकतो. १९९८ मध्ये एक बेघर माणूस आत घुसल्याचं जे सांगतात ते या घुमटीबद्दल. टूरवाले ज्या "ब्लॅक मॉसोलियम"मध्ये (काळ्या समाधीत) उभं करतात ती वेगळी. ती कव्हनंटर्स प्रिझन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुलूपबंद पट्ट्यात आहे आणि तिथे टूरबरोबरच जाता येतं. म्हणून तिकीट काढताना "कव्हनंटर्स प्रिझनमध्ये प्रवेश" हे शब्द आहेत का ते तपासा. नसतील तर तुम्हाला फाटकाच्या गजांतून दाखवतील आणि पुढे नेतील. हा पट्टाही मूळ मैदानाचा छोटासा तुकडाच आहे, आणि आतल्या समाध्या कैद्यांच्या काळानंतरच्या. बाराशे माणसं एवढ्याशा गल्लीत कशी मावली असा प्रश्न मुलगा नक्की विचारेल. मावली नव्हती, हे उत्तर.

मुलाला दाखवायची खरी चीज म्हणजे मॉर्टसेफ. कबरींवर जमिनीलगत बसवलेले लोखंडी पिंजरे, ग्रेफ्रायर्समध्ये दोन आहेत. मेलेले बाहेर येऊ नयेत म्हणून लावले, असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरशास्त्राच्या वर्गांना प्रेतं कमी पडत आणि ताजी प्रेतं उकरून विकणाऱ्यांचा सुळसुळाट होता. प्रेत कुजून विकण्याच्या लायकीचं उरत नाही तोपर्यंत वर पिंजरा, हा साधा हिशोब. याच ओघात बर्क आणि हेअर यांचं नाव येईल. त्यांनी एकही कबर उकरली नाही. पहिलं प्रेत आपोआप मेलेल्या भाडेकऱ्याचं, ते त्यांनी ७ पौंड १० शिलिंगला विकलं आणि पुढे १८२८ मध्ये १६ खून करून माल पुरवला. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला २८ जानेवारी १८२९ ला लॉनमार्केटात फाशी दिलं आणि त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात आहे. १८३२ चा ॲनाटमी कायदा आला आणि हा धंदा बसला.

थडग्यांना टेकू नका, मुलाला चढू देऊ नका. जुने उभे दगड वरून भक्कम दिसतात, पण बुडाशी सुटलेले असू शकतात. आवाराला लागून लोकांची घरं आहेत, खिडक्या थेट कबरींवर उघडतात. किंकाळ्या मारायची हौस गटातल्या कुणाला असली तर गाईड आवरतो, तुम्हीही आवरा. आणि बॉबीच्या पुतळ्याचं नाक घासू नका. ती काही जुनी प्रथा नाही. १८७३ च्या पुतळ्याचा रंग उडतोय म्हणून गावकरी वैतागलेत.

भटकभवानी
मंडळी, भरभरून माहिती दिलीत, आभार. ग्रेफ्रायर्स नक्की. एक शंका: त्या समाधीत लोकांना चक्कर येते, अंगावर ओरखडे उठतात असं वाचलं. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि फोटोंत पांढरे गोळे येतात ते काय?

शंकेखोर
चक्कर येण्याची साधी कारणं आधी. तास-सव्वा तास थंडीत चालून मग बंदिस्त जागेत वीस-पंचवीस माणसांत खांद्याला खांदा लावून निश्चल उभं राहायचं, गुडघे ताठ, श्वास रोखलेला, पोट रिकामं किंवा पोटात बिअर. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बराच वेळ उभं राहिलं की दाब उतरतो. उपाय: निघण्याआधी खाऊन घ्या, पाणी प्या, आत उभं असताना पोटऱ्या आवळा-सोडा, पायाची बोटं हलवत राहा. सासूबाईंना दाराच्या जवळ उभं करा आणि गाईडला सुरुवातीलाच सांगून ठेवा. मधून बाहेर पडायचं असेल तर तो वाट करून देतो. गोळीबद्दल शंका असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ओरखड्यांचं म्हणाल तर खडबडीत दगड, बॅगांचे बंद आणि घरी गेल्यावर अंग तपासण्याची सवय. एरवी कोण बघतं कोपराकडे?

भास मात्र उगाच म्हणून झटकू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी साउथ ब्रिजच्या तळघरांत दोनशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठली खोली बदनाम आहे हे सांगितलेलं नसतानाही बदनाम खोल्यांतच विचित्र अनुभव जास्त नोंदले गेले. त्यांचा संबंध लागला तो खोलीचा आकार आणि उजेड अशा गोष्टींशी.

पांढरे गोळे म्हणजे फ्लॅश. भिंगाच्या अगदी पुढ्यात असलेली धूळ किंवा भुरभुर पाऊस फ्लॅशने उजळतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल दिसतो. त्याच जागी फ्लॅश बंद करून दुसरा फोटो काढा, गोळे गायब. धुरकट "आकृती" आली तर ती बहुधा स्वतःची वाफ, थंडीत श्वास रोखून बटण दाबा. फोन नाइट मोडवर ठेवला की दोन-तीन सेकंद हात स्थिर लागतो, कोपरं बरगड्यांना टेकवा.

पायताण
राहिलेलं. छत्री नको, वाऱ्यात उलटते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते. टोपीचं पावसाळी जाकीट घ्या. ऑक्टोबरात घडीव दगडांच्या फरसबंदीवर ओली पानं पडलेली असतात, त्यामुळे खाचांचा रबरी तळ असलेले बूट हवेत. गुळगुळीत तळाचे नवे बूट नकोत. सासूबाईंसाठी छोटी टॉर्च, पण ती पायाशीच धरा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा फोनचा पडदा बघितला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. स्वच्छतागृह टूर सुरू होण्याआधीच उरका, वाटेत थांबत नाहीत. जमायच्या ठिकाणी दहा मिनिटं आधी पोचा: सेंट जाइल्सच्या आसपास एकाच वेळी तीन-चार गट उभे असतात आणि चुकीच्या गाईडमागे निघून जाणारे दर रात्री असतात. तिकिटावरचं कंपनीचं नाव विचारून खात्री करा.

अंगावर धावून येणाऱ्या नटांबद्दल: वर्णनात "कॉस्च्यूम", "थिएट्रिकल", "जंप" यांपैकी काही दिसलं तर असतात असंच समजा. "हिस्ट्री", "स्टोरीटेलिंग" असेल तर सहसा नसतात. तरी मेल करून विचारा, मुलाचं वय लिहा, सरळ उत्तर मिळतं. तो प्रकार असलाच तर बहुधा शेवटच्या थांब्यावर आणि गटाच्या कडेने होतो, म्हणून मुलाला मधोमध ठेवा.

जुनापुराणा
एक भर. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेफ्रायर्सला तासभर पुन्हा जा, तिकीट लागत नाही. भिंतीलगतच्या सतराव्या शतकातल्या स्मारकांवर कवट्या, वाळूची घड्याळं, फुल्या मारल्यासारखी हाडं कोरलेली आहेत, ती रात्री टॉर्चच्या झोतात धड दिसत नाहीत. पश्चिमेच्या बाजूला जुन्या गावकुसाचा, फ्लॉडन वॉलचा, तुकडाही उभा आहे. गाईड तिथे सहसा थांबत नाहीत.

भटकभवानी
ठरलं. घड्याळ बदलल्यानंतरचा मंगळवार, सहाची, प्रिझन प्रवेशासह, व्हॉल्ट्सशिवाय. नटांबद्दल मेल टाकते आहे.