चाहत्यांनी घडवलेली डिजिटल मॉडेल्स: विक्रीचा परवाना देणार कोण?

धागाकर्ता, पणजी:
थ्रीडी प्रिंटर घेऊन घरगुती व्यवसाय करणाऱ्या आपल्याकडील तरुणांसाठी हा विषय मांडतो. एखाद्या चाहत्याने प्रसिद्ध पात्रावरून घडवलेली डिजिटल मॉडेलची फाइल ‘व्यावसायिक परवान्या’सह विकत घेतली, की तिच्या प्रती छापून बाजारात विकता येतात, असा समज पसरला आहे. माझ्या मते तो धोकादायक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार द्विमितीय चित्राला त्रिमितीय रूप देण्याचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच असतो. फाइल विकणाऱ्याकडे जो हक्क नाही, तो त्याच्या परवान्यातून खरेदीदाराकडे येणार कसा?

जवळचे उदाहरण घेऊ. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचे निधन डिसेंबर २०११ मध्ये झाले. कलावंताच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे मोजली, तर त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत टिकतो. सायकलवरून पाव विकणारा पोदेर कोणीही घडवावा, कारण कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले आहे. मारियोंच्या रेषेतली मिस निंबूपानी, हे त्यांचे व्यंगचित्रांतले पात्र, मात्र घडवून विकायची, तर त्यांच्या हक्कधारकांची परवानगी घ्यावीच लागेल.

मॉडेलकार, फोंडा:
आपले म्हणणे मला एकांगी वाटते. पडद्यावरचे पात्र पाहून त्रिमितीय शिल्प उभे करताना स्नायूंची ठेवण, वस्त्रांच्या चुण्या, उभे राहण्याची ढब हे सारे शिल्पकाराला स्वतः ठरवावे लागते, आणि या श्रमाला काहीच मोल नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. चतुर्थीला मखराभोवती चित्रपटांतले देखावे उभे राहतात, त्यावर कोणी हरकत घेतल्याचे मी पाहिलेले नाही. शिवाय चाहत्यांच्या अशा निर्मितीमुळे मूळ कलाकृतीची लोकप्रियता वाढतेच.

धागाकर्ता, पणजी:
श्रमाचे मोल मी नाकारत नाही. आपण स्वतः घातलेल्या भरीवर आपला दावा असू शकतो, पण त्यामुळे मूळ पात्र आपले होत नाही. मखराचा देखावा कोणी विकत नाही. आपण चर्चा विक्रीची करत आहोत. खासगी वापरासाठी कलम ५२ मध्ये जी सूट आहे, तीही विक्रीला लागू पडत नाही. हक्कधारक आज गप्प आहे याचा अर्थ त्याने संमती दिली असा होत नाही. तो उद्याही दावा लावू शकतो.

हस्तकला विक्रेता, डिचोली:
मला चिंता खरेदीदाराची वाटते. फाइल बनवणारा परदेशात बसलेला असतो, तर माल मांडणारा आणि बिल देणारा आपला मुलगा असतो, त्यामुळे नोटीस प्रथम त्यालाच येईल. कॉपीराइट असल्याची जाणीव नव्हती आणि तशी शंका येण्यास वाजवी कारणही नव्हते, असे सिद्ध करणाऱ्याला कलम ५५ नुकसानभरपाईत सवलत देते. पण जगप्रसिद्ध पात्राबाबत हा बचाव कोण मान्य करील? जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, मात्र विक्रेत्याला तो आधारही उरत नाही. पात्राचे नाव वा चिन्ह ट्रेडमार्क असेल, तर तो आणखी वेगळा दावा होतो.

मॉडेलकार, फोंडा:
खरेदीदाराच्या जोखमीचा मुद्दा मला पटतो, आणि जो हक्क आपल्याकडे नाही त्याचा ‘परवाना’ विकणे चुकीचे आहे, हेही मी मान्य करतो. तरीही माझा आग्रह कायम आहे: मोजक्या प्रती विकणाऱ्या कारागिराला परवडेल असा छोटा परवाना हक्कधारकांनी उपलब्ध करून द्यायला हवा. मोठ्या उत्पादकाशीच करार करायचा आणि लहान माणसाने विचारणा केली तर उत्तरही द्यायचे नाही, ही पद्धत मला मान्य नाही.

धागाकर्ता, पणजी:
ही मागणी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. मात्र असा परवाना लेखी हातात येईपर्यंत प्रती विक्रीला ठेवू नयेत. तोवर नरकासुर, शिगम्यातील घोडेमोडणी हे लोकनृत्य, वीरभद्र हे विषय सर्वांना खुले आहेत. फक्त दुसऱ्या कारागिराने घडवलेल्या नरकासुराच्या मुखवट्याची हुबेहूब नक्कल करू नये, कारण त्या मुखवट्यावर त्याचाही तेवढाच हक्क आहे.