छोट्या तळ्यात गळाला लागलेले मासे खावेत का?

काठावरचा
नमस्कार मंडळी, गेल्या पावसाळ्यापासून मला गळाचा नाद लागलाय. धरण नाही की नदी नाही, आसपासची दोन छोटी तळी आहेत तिथेच बसतो. एकाच्या वरच्या अंगाला शेतं आहेत, दुसरं वस्तीला लागून आहे आणि पाऊस पडला की रस्त्यावरचं सगळं पाणी त्यातच उतरतं. दोन्हीकडे तिलापिया आणि लहान कार्प बऱ्यापैकी लागतात, वस्तीजवळच्या तळ्यात तर मध्ये चांगली जाडजूड मरळ लागली. आत्तापर्यंत सगळे परत सोडलेत. आता घरचे म्हणतायत की एवढा वेळ बसतोस तर आण की घरी, पण बायकोला दिवस गेलेत आणि मुलगी लहान आहे, म्हणून आधी विचारून घेतो.

शेताजवळच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं, वस्तीजवळचं मात्र बऱ्यापैकी नितळ असतं, तळ दिसतो. काठावर बसणारे जुने लोक सांगतात की नितळ पाण्यातला मासा बिनधास्त खावा, आणि तरी शंका असेल तर दोन-तीन दिवस टाकीत चांगल्या पाण्यात जिवंत ठेवावा म्हणजे सगळी घाण निघून जाते. हे खरं आहे का? आणि मासा बघून, वास घेऊन काही कळतं का?

खवले
दादा एवढं घाबरू नका. मी कित्येक वर्षं तळ्यातले मासे खातोय, घरात सगळेच खातात. कल्ले लालभडक पाहिजेत, डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, बोटानं दाबलं तर मांस परत वर यायला पाहिजे, आणि स्वतः पकडलेला मासा म्हणजे याहून ताजा कुठे मिळणार. नीट साफ करायचा, पूर्ण शिजवायचा. जखमा किंवा लाल डाग असलेला मासा मात्र घेऊ नका, आणि मेलेला तरंगणारा तर हातही लावू नका.

तळंराखी
खवले यांनी सांगितलं ते ताजेपणाचं झालं आणि ते बरोबरच आहे, पण काठावरचा यांचा प्रश्न वेगळा आहे. मासा अगदी ताजा असून त्यात पारा असू शकतो, आणि तो डोळ्याला, नाकाला, जिभेला कशालाच कळत नाही. म्हणून पाणी कसं दिसतं हे बघण्यापेक्षा ते कुठून येतं हे आधी बघा. पावसात एकदा तळ्याभोवती पूर्ण चक्कर मारा, कुठले नाले उतरतात, गॅरेज, छोटा कारखाना, जुना कचरा डेपो, गटार, रस्ता, काय काय आहे वरच्या अंगाला. छोट्या तळ्याची अडचण अशी की त्यातून पाणी फारसं बाहेर जात नाही, जे येतं ते गाळात बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं, त्यामुळे कारखाना पंधरा वर्षांपूर्वी बंद पडला असला तरी त्याचं देणं गाळात शिल्लक असू शकतं.

आता पाऱ्याचं सांगतो कारण तुमच्या घरी गरोदर बाई आहे आणि ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. पारा हवेतून पण येतो, कोळसा जाळल्यानं वगैरे, आणि पावसाबरोबर पाण्यात पडतो, त्यामुळे आजूबाजूला एकही कारखाना नसलेल्या तळ्यातसुद्धा तो सापडतो. तळाच्या गाळात जिथे ऑक्सिजन नसतो तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, म्हणजे पाऱ्याचं अंगात साठत जाणारं विषारी रूप. ते सूक्ष्म जिवांत जातं, ते जीव खाणाऱ्या किड्यांत, मग लहान माशात, मग लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात, आणि दर पायरीला वाढत जातं. शिकारी माशाच्या मांसात त्याचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींपर्यंत जाऊ शकतं. म्हणून पाण्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे मासा चांगला असं धरून चालू नका. जपानात मिनामाताला १९५६ साली जो आजार उघडकीला आला तो याच मिथाइल मर्क्युरीचा, कारखान्याचं पाणी खाडीत जात होतं आणि लोक तिथले मासे खात होते. तिथे काही आया स्वतः बऱ्या दिसायच्या आणि बाळं मात्र मेंदूला इजा झालेली जन्माला आली. तुमच्या तळ्यात तसं काही आहे असं मुळीच म्हणत नाही, ते प्रमाण भयंकर होतं, पण गर्भातल्या मेंदूला पारा किती नडतो ते तिथे जगाला कळलं.

त्यामुळे ती मरळ सोडलीत ते उत्तम केलंत. मरळ, बास, पाईक असे शिकारी मासे, आणि त्यातही म्हातारे आणि मोठे, यांच्यात पारा जास्त. तिलापिया किंवा वनस्पती, शेवाळ, बारीक जीव खाणारे लहान मासे यांच्यात तुलनेनं बराच कमी. गळ टाकणाऱ्याला मोठा मासा घरी न्यायचा मोह होतो हे कळतं मला, पण खाण्यासाठी लहान आणि तरुण मासाच बरा, मोठ्याचा फोटो काढा आणि सोडा.

टाकीत ठेवायचं म्हणाल तर त्यानं चिखलाचा वास जातो, आतडं रिकामं होतं, एवढंच. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो, पाण्यातले काही जिवाणू आणि नील-हरित शेवाळ तो तयार करतात, तो विषारी नाही. पारा मात्र मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतो आणि माशाच्या अंगातून निघायला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. दोन-तीन दिवसांत काहीही होत नाही. शिजवूनही जात नाही, तळूनही नाही, कातडी काढूनही नाही.

खवले
तळंराखी, हे मान्य आहे, पण मग माणसानं मासा खायचाच नाही का? किती खाल्ला तर चालतो ते सांगा ना, नुसतं घाबरवून काय उपयोग.

तळंराखी
बरोबर विचारलंत. एफएओ आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक अन्न आणि आरोग्य संघटना, यांच्या तज्ज्ञ समितीनं २००३ साली मिथाइल मर्क्युरीची मर्यादा ठरवली, शरीराच्या दर किलो वजनाला आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. आता समजा माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा आहे, तर साधारण १९० ग्रॅम मासा खाल्ला की ती मर्यादा संपली. २० किलोच्या मुलाचं हेच गणित केलं तर जेमतेम ६४ ग्रॅम. ज्या माशात पारा याच्या दहाव्या हिश्शाइतकाच आहे तो दहापट खाता येईल. म्हणजे सगळं त्या माशावर आणि त्या तळ्यावर आहे, आणि तपासल्याशिवाय ते माहीत नसतं. म्हणूनच अमेरिकेत एफडीए आणि ईपीए, म्हणजे तिथली अन्न-औषध आणि पर्यावरण खाती, यांनी लोकांना सोपं सांगून ठेवलंय की ज्या पाण्याबद्दल काहीच सूचना निघालेली नाही तिथला मासा आठवड्यातून एकदाच खा, मोठ्या माणसाला साधारण ११३ ग्रॅम, लहानांना वयाप्रमाणे त्याहून कमी, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठलाही मासा खाऊ नका. मला हा नियम पटतो. अंदाजच करायचा आहे तर तो सावधपणाच्या बाजूनं करावा.

पाणवाचक
हिरव्या पाण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. हिरवं म्हणजे सगळंच वाईट नसतं. लांब केसांसारखे धागे काठीला गुंडाळून वर येत असतील तर ते साधं शेवाळ. पण पाण्यावर रंग सांडल्यासारखा थर असेल, हिरवा किंवा निळसर, काठी बुडवली तर तिला नुसता रंग लागतो आणि धागा येत नाही, वास कुबट, तर ते नील-हरित शेवाळ असण्याची शक्यता खूप, आणि ते विष तयार करू शकतं. शेतातली खतं वाहून आली, ऊन कडक आणि वारा पडलेला असला की ते फोफावतं. काचेच्या बरणीत ते पाणी भरा, हातमोजे घालून बरं का, झाकण लावून रात्रभर न हलवता ठेवा, सकाळी हिरवं वर तरंगत असेल तर नील-हरित समजा, तळाशी बसलं असेल तर बहुधा साधं. पण एवढ्यावरून विष आहे की नाही ते कळत नाही, ते लॅबमध्येच कळतं, म्हणून वर तरंगलं तर विष आहे असंच धरून चला.

यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष थेट यकृतावर जातं. १९९६ साली ब्राझीलमध्ये कारुआरू इथे डायलिसिसच्या पाण्यातून ते रुग्णांच्या रक्तात गेलं आणि ५० च्या वर माणसं दगावली. खाण्यातून तेवढं जात नाही, पण ते उकळून जात नाही हे लक्षात ठेवा. माशाच्या अंगात ते सगळ्यात जास्त यकृतात आणि आतड्यात साठतं, मांसात कमी. त्यामुळे थर असताना त्या तळ्यातला मासा खाऊच नका, आणि थर गेल्यावरसुद्धा काही आठवडे जाऊ द्या. एरवीही तळ्यातल्या माशाची काळीज-आतडी खाऊ नका, काही लोक आवडीनं ठेवतात पण कॅडमियमसारखे जड धातूही यकृतात आणि मूत्रपिंडातच जास्त जमतात. आणि हो, सोबत कुत्रा नेत असाल तर त्याला ते पाणी अजिबात पिऊ देऊ नका, कुत्री यानं काही तासांत मेलेली आहेत.

पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडबंद करताना दिसले तर ते बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी झाल्यामुळे, कारण रात्रभर शेवाळपण ऑक्सिजन वापरतं आणि उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. पण औषध फवारणीनंतर किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतर भर दुपारी एकदम मासे मेले तर कारण वेगळं असू शकतं, तेव्हा तिथून काही उचलू नका.

काठावरचा
बापरे, टाकीचं मी खरंच धरून चाललो होतो. वस्तीजवळच्या तळ्याला वरून एक नाला येतो आणि त्यावर वाहनं धुण्याची जागा आहे, तेलाचा तवंग मी स्वतः बघितलाय. शेताकडच्या तळ्यात उन्हाळ्यात थर येतो तो रंगासारखाच असतो, आता बरणीची टेस्ट करून बघतो. अजून एक, तिलापियाच्या मांसात कधीकधी पिवळे बारीक दाणे दिसतात, ते काय? आणि चरबी काढून टाकली तर फायदा आहे का, इथे एक जण म्हणाला की त्यानं सगळं विष जातं.

गोड्या_पाण्याचा
पिवळे दाणे म्हणजे बहुतेक क्लिनोस्टोमम नावाच्या परजीवीच्या अळ्या, पाणपक्षी आणि गोगलगाय यांच्यातून माशात येतात. दिसायला किळसवाणं आहे पण पूर्ण शिजवल्यावर त्रास होत नाही. खरा धोका कच्चा किंवा अर्धा कच्चा गोड्या पाण्यातला मासा खाण्यात आहे. मीठ लावून, लिंबात मुरवून परजीवी हमखास मरतात असं नाही. आग्नेय आशियात कच्च्या माशातून जाणारा यकृतातला एक चपटा कृमी तर कॅन्सरचं कारण म्हणून जाहीर झालेला आहे. शिजवताना आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापमान गेलं पाहिजे, थर्मामीटर नसेल तर मांस पारदर्शक न राहता पांढरं झालं आणि काट्यापासून सहज सुटलं की झालं. गोठवून मारायचे तर उणे २० अंशाला सात दिवस लागतात आणि घरचा फ्रीझर बऱ्याचदा तेवढा खाली जातच नाही.

चरबीचं अर्धं खरं आहे. पीसीबी (पूर्वी विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरायचे), डीडीटी (कीटकनाशक) यांसारखी जुनी रसायनं चरबीत विरघळतात, त्यामुळे कातडी, पोटाची चरबी, पाठीवरची चरबी आणि कडेची गडद पट्टी काढली, आणि जाळीवर भाजून चरबी गळू दिली तर ती बरीच कमी होतात. त्याच चरबीत पुन्हा तळलं किंवा तिचाच रस्सा केला तर काही उपयोग नाही. पाऱ्याला मात्र या सगळ्याचा काडीचाही फरक पडत नाही, ते तळंराखी यांनी सांगितलंच आहे. तळाशी राहणारे चरबीचे मासे, कॅटफिश वगैरे, गटार किंवा कारखान्याचं पाणी येणाऱ्या तळ्यातून घेऊच नका.

सांडपाणी येत असेल तर जंतू माशाच्या अंगावर आणि आतड्यात असतात. पोट साफ करताना आतडं फुटू देऊ नका, सुरी आणि पाट वेगळा ठेवा, हाताला कापलेलं असेल तर हातमोजे घाला, काटा टोचून चिघळलेल्या जखमा आठवडे-आठवडे भरत नाहीत. पकडल्यापासून बर्फात ठेवा, उन्हात पिशवीत तासन्‌तास ठेवलेला मासा ताजा राहत नाही. अजून एक, गळाला लावायचं शिशाचं वजन दातानं दाबून बसवायची सवय असेल तर आजच सोडा, पक्कड वापरा. ब्रिटनमध्ये तर हंस शिसं गिळून मरायला लागले म्हणून १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

तळंराखी
काठावरचा, तेलाचा तवंग बघितलाय म्हणता, मग वस्तीजवळचं तळं खाण्यासाठी बाद धरा, तिथे पकडा आणि सोडा. शेताकडच्या तळ्यात थर नसताना, म्हणजे थंडीत, हाताच्या पंज्याएवढा तिलापिया तुम्ही स्वतः कधीतरी खायला माझी हरकत नाही. वहिनींना मात्र बाळ होऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत तळ्यातला मासा देऊ नका, शरीरातला निम्मा पारा जायलाच ५० ते ७० दिवस लागतात, आणि मासा त्यांनी सोडू नये, कमी पाऱ्याचा विकतचा खावा, बाळाला त्याची गरज आहे. मुलीलाही तपासणी होईपर्यंत नको. तपासणीसाठी मत्स्य विभागात किंवा प्रदूषण नियंत्रणवाल्यांकडे आधी विचारा की या पाण्याचं काही केलंय का. नसेल तर अन्न तपासणाऱ्या लॅबमध्ये मांसातला एकूण पारा तपासून घेता येतो, पाणी नेऊ नका, मासाच न्या, आणि तुम्ही खाणार त्याच जातीचा आणि आकाराचा न्या.

काठावरचा
ठरलं. बायकोसाठी आणि मुलीसाठी विकतचा, लॅबचं विचारून घेतो. तळ्यात कोणी मत्स्यबीज सोडतं का तेही विचारतो मत्स्य विभागात, नव्यानं सोडलेल्या माशात साठायला वेळच मिळालेला नसेल ना?

तळंराखी
हो, खाद्यावर वाढवून नुकताच सोडलेला असेल तर कमीच असतो. कधी सोडले ती तारीख नक्की विचारा, आणि शेवाळाचा नियम त्यांनाही तोच लागू.