बीएच नंबरवाले करबुडवे? मग हे वाचाच

देवळालीची_सून

परवा 'चौफुला' यांनी इथे लिहिलं, की बीएच नंबर (राज्य बदललं तरी तोच चालणारा 'भारत' मालिकेचा गाडीचा नंबर) म्हणजे कर बुडवायचा सरकारी परवाना. आम्ही महाराष्ट्रात गाडी घेताना अकरा-बारा टक्के एकरकमी मोजायचे आणि फौजी, बँकवाले, आयटीवाले दोन-दोन वर्षांचा हप्ता भरून आमच्याच रस्त्यांवर मिरवणार. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. मी प्रतिसाद लिहायला घेतला तो एवढा लांबला, की वेगळा धागाच काढते.

नवरा तोफखान्यात. पहिली गाडी नाशिकला घेतली, एमएच-15, पंधरा वर्षांचा कर एका दमात भरून. वर्ष सरतंय तोवर बदली पठाणकोटला. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 सांगतं, की गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलीत तर तिथला नंबर घ्या. घेतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी. त्या एनओसीआधी बँकेची एनओसी, कारण कर्ज. गाडीवर गुन्हा नाही असा दाखला. मग फॉर्म 28 च्या, म्हणजे एनओसीच्या अर्जाच्या, प्रती आणि त्यांवर चेसिस नंबरचा ठसा. हा ठसा कसा घेतात ते कुणी पाहिलंय? नंबर जिथे कोरलाय तिथे हात घालून कागद दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. कागद जरा सरकला की एखादा आकडा पुसट येतो आणि खिडकीतल्या साहेबांची नजर नेमकी त्याच आकड्यावर पडते. नवरा फील्डमध्ये, त्यामुळे पेन्सिल माझ्या हातात, आणि मागे 'आई, घरी कधी जायचं' करणारं पोर.

यानंतर नव्या राज्याचा कर आधी भरायचा. जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा तो नंतर, नवं आरसी जोडून, आणि जिथे मागायचा ते ऑफिस पार दुसऱ्या टोकाला. आमची फाइल जागची हलायच्या आत पुढची पोस्टिंग हातात पडली.

26 ऑगस्ट 2021 ला बीएचची अधिसूचना निघाली, 15 सप्टेंबरपासून लागू झाली. आमच्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. यात बुडवाबुडवी कुठे आहे? कर दोन वर्षांच्या पटीत आगाऊ भरायचा, मुदत हुकली की दिवसाला 100 रुपये. ज्याला बदली मागता येत नाही आणि नाकारताही येत नाही, त्याने राज्याराज्यात पंधरा-पंधरा वर्षांचा कर का अडकवून ठेवायचा, एवढं सांगा.

चौफुला

ताई, तुमचे हाल झाले हे मान्य. पण त्याने गणित बदलत नाही. नऊ लाखांची पेट्रोल गाडी घ्या. महाराष्ट्रात 11 टक्के, म्हणजे 99 हजार, आज, शोरूमच्या काउंटरवर. बीएचला दहा लाखांच्या आत 8 टक्के, तोही पंधरा वर्षांवर पसरून, म्हणजे पहिल्या दिवशी दहा-बारा हजारांत मोकळे. वीस लाखांच्या वर आमचे 13, त्यांचे 12. दरातही सवलत आणि हप्त्यातही.

आणि माझा रोख फौजींवर नव्हताच. चार राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीतला माणूस फॉर्म 60, म्हणजे कंपनीचा नोकरीचा दाखला, जोडतो की झाला बीएचवाला. आमच्या सोसायटीत एक महाशय आहेत, ज्यांनी हिंजवडीच्या पलीकडे कधी बदली पाहिली नाही. गाडी बीएच. फौजीच्या खांद्यावर बंदूक ठेवून दुसरेच शिकार करतायत, आणि उत्तर द्यायला तुम्ही पुढे आलात.

हिंजवडीकर

हिंजवडीचं नाव आलं म्हणून हजर. साहेब, मी पुण्याची गाडी घेऊन बेंगळुरूला होतो. एमएच-12 दिसलं की शिट्टी वाजायची. 2014 च्या दुरुस्तीने कर्नाटकाने बाहेरच्या गाडीला 30 दिवसांनंतर आजन्म कर लावला होता, तो हायकोर्टाने 2016 मध्ये रद्द केला. तरी सिग्नलवरच्या हवालदारापर्यंत ही बातमी पोचायला फार वेळ लागला. बदली आम्हालाही होते. फरक इतकाच, की आमच्या नावाने कुणी 'जय हिंद' म्हणत नाही.

चौफुला

बदली 'होते' आणि बदली 'होऊ शकते', दोन्हींचा दर एकच कसा? माझा प्रश्न तोच आहे आणि त्याला बगल देऊ नका.

मिरजकर

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात. पोरांच्या परेडला आईबाप येणार ते सांगली, सातारा, कोल्हापूरहून, एमएच-10, 11, 09 च्या गाड्या घेऊन. कागद, पीयूसी, विमा सगळं चोख असलं तरी सीमा ओलांडली की पोटात गोळा. आज कुठला बंद, कुठे काचा, कुठे नंबर प्लेटला काळं. बीएच हे पुण्यामुंबईवाल्यांचं कौतुक आहे. सीमेवरच्या माणसाला नंबरातलं राज्य लपवायला मिळालं तर तो जास्त टक्के भरेल हो.

सुभेदारकाका

नंबराचं राहू द्या. टोलचं बोला. सव्वीस वर्षं नोकरी केली. 1901 चा कायदा आहे, लष्कर आणि हवाई दलाला पथकर माफ. इंग्रजाने दिलेली माफी आपल्याच लोकांनी टोलनाक्यावर काढून घेतली. मुलगा हवालदार आहे. सुट्टीवर येताना आयकार्ड दाखवलं तर बूथमधलं पोरगं म्हणतं, फास्टॅगमधून पैसे कापले गेले काका, पुढे व्हा, मागे लाइन आहे. ओळखपत्राकडे बघितलं पण नाही.

पथकर_पीडित

काका, तो कायदा नीट वाचा. माफी आहे ती ड्यूटीवर असताना. सुट्टीवर घरी येणं म्हणजे ड्यूटी नव्हे. खासगी गाडी, खासगी काम, टोल भरायचा. निवृत्तांचा तर प्रश्नच येत नाही. परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंत पदकधारकांना वेगळी सूट आहे आणि ती असायलाच हवी. पण इथे मेव्हण्याच्या साखरपुड्याला जाताना लेन अडवून कार्ड नाचवणारे मी स्वतः पाहिलेत, मागे रुग्णवाहिका उभी असताना.

सुभेदारकाका

लेन अडवणारे फौजी नसतात, फौजींचे भाचे-पुतणे असतात. काचेवर 'आर्मी' चिकटवलं की झाला फौजी. खऱ्या लष्करी गाडीचा नंबर बाणाने सुरू होतो आणि तिची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली लष्करच करतं, आरटीओ नाही. बाजारात मिळणाऱ्या स्टिकरचं खापर आमच्यावर फोडू नका. आणि कायदा मला शिकवू नका. 1901 च्या त्याच टोलच्या कायद्यात कुटुंबाचाही उल्लेख आहे.

पथकर_पीडित

आहे. ड्यूटीवरच्या माणसासोबत जात असेल तर. पुढचं वाक्य सोडून वाचायची ही कुठली शिस्त?

सुभेदारकाका

शिस्त तुम्ही सांगणार? हातात मूव्हमेंट ऑर्डर असताना, बदलीवर जाताना, बायको-पोरं आणि ट्रंका गाडीत असताना माझ्याकडून टोल घेतलाय. ती ड्यूटी नव्हती तर काय महाबळेश्वरची सहल होती? तेव्हा तुम्ही कुठे होता कायदा घेऊन?

पथकर_पीडित

ते चूक झालं. ऑर्डर असेल तर घ्यायला नको होता. झालं समाधान? आता सुट्टीतल्या प्रवासाचं उत्तर द्या.

हिंजवडीकर

फास्टॅगचा वार्षिक पास काढा, 200 फेऱ्या मिळतात, आणि विषय संपवा.

सुभेदारकाका

तो राष्ट्रीय महामार्गावर चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चालवून दाखवा, मग सल्ले द्या.

संपादक_मंडळ_पैकी_एक

टोलसाठी वेगळा धागा काढावा. इथे वाहन नोंदणीवर बोलू या.

मिरजकर

टोलवर आधीचे तीन धागे कुलूप लावून बंद केलेत तुम्हीच. लोक जाणार कुठे?

राइनकाठची_वहिनी

गेले कित्येक दिवस इथे फक्त वाचत होते, आता राहवत नाही. मी माहेरची साताऱ्याची, नवरा अमेरिकन लष्करात, सध्या आम्ही जर्मनीत, कैसर्सलाउटर्नजवळ. मागच्या एका धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'अमेरिका बघा आपल्या सैनिकांच्या कुटुंबांना कशी जपते.' जपते, पण फुकट काही नाही.

इथे तैनात सैनिकांच्या गाड्यांची नोंद जर्मन सरकार करत नाही, अमेरिकन लष्कराचं स्वतःचं नोंदणी कार्यालय करतं. 1951 चा नाटो करार आणि जर्मनीसोबतचा 1959 चा पुरवणी करार, त्यात हे ठरलंय. जर्मन वाहनकर लागत नाही. एक गाडी सरकारी खर्चाने जहाजातून येते. लायसन्सही लष्कराचंच, पण अमेरिकेतलं लायसन्स दाखवून सुटका नाही. जर्मन नियमांची लेखी परीक्षा द्यावी लागते आणि भलेभले कर्नल तिच्यात नापास होतात. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. साताऱ्यात गाडी शिकलेल्या बाईला हे पचायला किती जड जातं ते मी सांगते. इथे मोठ्या गाडीचा मान असतो असं काही नाही. पहिले काही आठवडे मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ब्रेक मारत होते आणि मागचे लोक दिवे दाखवत होते.

गाडीची तपासणी कडक. गंजलेला सायलेन्सर म्हणजे घरी परत. पेट्रोल करमुक्त, पण महिन्याचं रेशन ठरलेलं आणि त्याचं कार्ड ठरावीक पंपांवरच चालतं. आणि सगळं करमुक्त असल्यामुळे ही गाडी वाटेल त्याला चालवायला देता येत नाही. माझे बाबा आले होते, आंतरराष्ट्रीय परवाना काढून, मोठ्या हौसेने. किल्ली हातात दिली नाही म्हणून दोन दिवस रुसून बसले. विकायची तरी जर्मन माणसाला सरळ विकता येत नाही, आधी कस्टमचे कागद आणि कर. जपानमध्ये होतो तेव्हा गाडीला 'वाय' नंबर होता, तिथे रस्ताकर भरायचा, फक्त कमी दराने. म्हणजे सूट आहे, पण जिला सूट त्या गाडीवर नजरही आहे.

चौफुला

वहिनी, हेच मी केव्हापासून सांगतोय! तिथे सूट कुणाला, तर ज्याला हुकमाने पाठवलं त्याला आणि त्याच्या कुटुंबाला. शेजारच्या कंपनीतल्या इंजिनियरला नाही. आपल्याकडे फौजींसाठी दार उघडलं आणि अख्खी वरात आत शिरली.

देवळालीची_सून

मग परवा 'फौजी' का लिहिलंत? पहिलाच शब्द फौजी होता. वर जाऊन वाचा.

चौफुला

ओघात आला.

देवळालीची_सून

ओघात! आमचं नाव नेहमी ओघातच येतं.

आणि बीएचमध्ये सगळं गोडच आहे असं समजू नका. मैत्रिणीने नवरा निवृत्त होताना गाडी विकायला काढली. घेणारा कराडचा दुकानदार, बीएचला पात्र नाही. म्हणजे त्याने आधी राज्याचा नंबर घ्यायचा, राज्याचा कर भरायचा. तो सगळा खर्च त्याने गाडीच्या किमतीतून वळता केला. दोन-दोन वर्षांचे हप्ते भरून वाचवलेलं तिथेच गेलं. काही राज्यांनी तर कितीतरी काळ बीएच नोंदवायलाच नाक मुरडलं, केरळ त्यातलं. केंद्राचा नियम दाखवला तरी खिडकीवर एकच उत्तर, 'आमच्याकडे आदेश नाही.'

पथकर_पीडित

राज्यांनी नाक मुरडलं त्याला कारण आहे. वाहनकर राज्याचा. दर आणि हप्ते ठरवले दिल्लीने, तिजोरीला खड्डा राज्याच्या. हे भांडण फौजी विरुद्ध सामान्य नागरिक असं कधी नव्हतंच, ते दिल्ली आणि राज्यांचं आहे. आपण इथे एकमेकांच्या झिंज्या उपटतोय.

सुभेदारकाका

पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं बोललात.

हिंजवडीकर

सरळ उपाय आहे, सगळ्यांनाच बीएच द्या. ज्याला पंधरा वर्षांचं आधी भरायचंय त्याने भरावं, ज्याला दोनचं भरायचंय त्याने दोनचं.

चौफुला

आणि तुमच्यासारखे तिसऱ्या वर्षी हप्ता विसरणार. तो वसूल करायला आरटीओने काय घरोघरी वासुदेव पाठवायचा?

हिंजवडीकर

दिवसाला 100 रुपये दंड आहे, ताईंनी सांगितलंय. धागा वाचत नाही का तुम्ही?

देवळालीची_सून

चौफुलाभाऊ, फॉर्म 60 ची तपासणी कडक करा, खरंच बदली झाल्याचा कागद मागा, त्या मागणीवर पहिली सही माझी. पण ते 'करबुडवे' मागे घ्या.

चौफुला

फौजींपुरतं मागे घेतलं. हिंजवडीपुरतं कायम.

मिरजकर

बेळगावचं कुणी काही बोललंच नाही.

कोरेगावची_पोरगी

मध्येच विचारते, माफ करा. दादा लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये आहे, पोस्टिंग जोधपूर. गाडी 2019 ची, एमएच-11, कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. जुन्या गाडीला बीएच घेता येतो का?

देवळालीची_सून

येतो. डिसेंबर 2022 च्या बदलानंतर आधी नोंदलेल्या गाडीलाही घेता येतो, लागू असेल तो कर भरून. पण आधी बँकेचं नाव आरसीवरून उतरवून घ्या, फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. दादांच्या ओळखपत्राची प्रत आताच मागवून ठेवा. ते एकदा फील्डला गेले की फोन लागायचा नाही.