स्ट्रोकनंतर भावाच्या मेंदूत नळी आणि पट्टी ठेवलीय, ते आकडे कसे समजून घ्यायचे?

नमस्कार. मोठ्या भावाला चार दिवसांपूर्वी मोठा स्ट्रोक झाला, उजवीकडची मेंदूची मुख्य रक्तवाहिनी बंद झाली आणि सूज इतकी वाढली की कवटीचं हाड काढून ठेवावं लागलं. त्याच ऑपरेशनमध्ये मेंदूत एक बारीक नळी आणि पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवलीय. सिस्टर दर तासाला नळीची इवलीशी कुपी बदलतात, त्यांनी उजेडात धरली तेव्हा पाहिलं, आत पुरता एक थेंबही नव्हता. काल डॉक्टर म्हणाले रेशो ३५ वरून ४५ झालाय आणि राउंडला पुढे गेले, तेव्हापासून माझ्या डोक्यात तो ४५ च फिरतोय. वाईट आहे का हे?

रात्रपाळी:
ताई, मी आयसीयूत नर्स आहे. थेंब नव्हता कारण त्या नळीतून मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर पाणी फिरतं, म्हणजे तासाला जेमतेम १८. टोकाच्या पडद्यातून आसपासच्या पेशींमधली रसायनं त्यात झिरपतात, ग्लुकोज, पायरुव्हेट (ग्लुकोज तुटून बनतं ते), लॅक्टेट, कधी ग्लिसरॉल आणि ग्लुटामेटही बघतात. ऑक्सिजन कमी पडला की पायरुव्हेट जाळता येत नाही, त्याचं लॅक्टेट होतं आणि रेशो, म्हणजे पायरुव्हेटच्या तुलनेत लॅक्टेट किती हे प्रमाण, चढतो. ४० च्या वर गेला की आम्ही सावध होतोच, पण एका कुपीवर कोणी निर्णय घेत नाही, पुढच्या दोन-तीन काय सांगतात ते बघतात. आणि नळी बघते फक्त आजूबाजूचे काही मिलिमीटर, अख्खा मेंदू नाही, हे प्लीज लक्षात ठेवा.

मेंदूवाला:
वरचं बरोबर. त्यात भर म्हणजे सोबत ग्लुकोज विचारा. रेशो वर आणि ग्लुकोज, पायरुव्हेट दोन्ही खाली, तर रक्त पोचत नाहीये असा संशय येतो. पायरुव्हेट ठीक असून रेशो वर असेल तर रक्त येतंय पण पेशींना ते वापरता येत नाहीये, आणि दोन्हीचे उपाय वेगळे.
पट्टीबद्दल सांगतो, कारण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मेलेल्या भागाच्या कडेला जी पेशी अजून जिवंत आहे तिथून एक विद्युत लाट निघते, मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर अशी रांगत जाते आणि तिच्या मागे सगळं शांत होतं. लेआओ यांनी ही १९४४ मध्ये सशांच्या मेंदूत नोंदवली होती. धडधाकट मेंदू त्यातून सावरतो, पण दुखावलेल्या भागात लाटेमागे रक्तवाहिन्या उलट आकसतात, पेशींना सोडियम-पोटॅशियम परत जागेवर आणायला ताकद हवी असते आणि तीच नसते, म्हणून लाटा वारंवार आल्या की स्ट्रोक पसरू शकतो. डोक्यावरच्या साध्या ईईजीत (मेंदूच्या विद्युत हालचालीच्या आलेखात) हे नीट दिसत नाही, म्हणून पट्टी थेट मेंदूवर. ताप, कमी बीपी, कमी साखर हे तीन आवरायलाच हवेत.

ताई (प्रश्नकर्ती):
दोघांचे मनापासून आभार. आज विचारलं. ग्लुकोज ठीक आहे, पायरुव्हेटही. ताप १०१ होता म्हणून थंड ब्लँकेट लावलंय, रात्री तीन लाटा आल्या. दुपारच्या कुपीत रेशो ४१. तीन-चार तासांनी पुढचा आकडा बघून परत लिहिते.